छताला मखमल

ता. ४, सोमवार

आज टपालाने माल आला, तो असा:

राखाडी फ्लॉक, एक पिशवी – २६०
त्याच रंगाचे सोल्यूशन, एक डबा – १८५
पुठ्ठ्याचा हातपंप – ४०
टपालखर्च – ३५
एकूण – ५२०

फ्लॉक म्हणजे मखमलीची भुकटी, नायलॉनचे अगदी बारीक कापलेले तंतू. आधी सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा पातळ गोंद, फासायचे, ते ओले असतानाच पंपाने त्यावर तंतू उडवायचे. ते उभे रुततात आणि वाळले की मखमल तयार. सासूबाईंनी पिशवी हातात तोलून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढे पैसे देऊन हवाच मागवलीस की गं!"

हे सगळे गाडीसाठी. तिच्या छताचे आतले कापड सुटून केव्हाचे लोंबते आहे. आमचे हे चालवायला बसले की त्यांच्या डोक्यावर पदर येतो, आणि मागे सासूबाई काठीने तंबू उभा धरतात. नोकरीतून मोकळे झाल्यावर हे एकदा जेवताना म्हणाले, "गाडी विकून टाकू. आता जायचं कुठं आहे?" मी म्हटले, "तुम्ही म्हणाल तसं." चालवायचा कंटाळा आला असेल. पुरुषमाणसे असले तोंडाने सांगत नाहीत, आपण ओळखून घ्यायचे असते.

कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर गाडी बघून गेले. इंजिन आवडले, रंग आवडला, आत बसले तर छत त्यांच्या टकलावर आले. लगेच किमतीतला मोठा लचका तोडला. छत नीट झाले तर पूर्ण किंमत देईन म्हणाले. गॅरेजवाला नव्या कापडाचे २,४०० सांगतो. म्हणून हा उद्योग मी अंगावर घेतला.

हे म्हणाले, "दुसऱ्याच्या डोक्यावरच्या छतासाठी तू कशाला राबतेस?"

मी म्हटले, पैशासाठी. दुसरे काय असणार?

ता. ५, मंगळवार

छत उतरवले. उन्हासाठीच्या दोन झापा, धरायच्या मुठी, दिवा, आरसा, सगळे स्क्रू वाटीत. पुढच्या सीटा आडव्या पाडल्या आणि अख्ख्या छताचा पुठ्ठा मागच्या दाराने बाहेर काढला. तो मुडपू नये म्हणून मी एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या. त्या दाराशी उभ्या राहून "हळू, हळू, नवरी निघाली" असे ओरडत होत्या. ह्यांनी पेपर वाचला.

कापड ओढले तर हातात आले. खालचा स्पंज कुजून हळदीसारखी पूड झाली होती. नाकात, कानात, सगळीकडे. मागच्या बाजूला कापडावर पाच बोटांचा जुना डाग निघाला. लेक लहान असताना सीटवर उभी राहून छताला हात टेकायची, त्याचा. तेवढा तुकडा कापून धुऊन ठेवला. पुसायला होईल. फडक्यांनाही पैसे पडतात.

ता. ७, गुरुवार

कालचा आणि आजचा दिवस पुठ्ठा खरवडण्यात आणि पॉलिशपेपरने घासण्यात गेला. पार्सलमध्ये एक पत्रक आहे, इंग्रजीत. मॅट्रिकला माझे इंग्रजी बरे होते, पण तेव्हा धड्यांत राजे आणि कोल्हे असायचे, सोल्यूशन नसायचे. शब्दकोश घेऊन बसले. डब्यावर ज्योतीचे चित्र आणि त्यावर फुली आहे, हे मात्र शब्दकोशाशिवाय कळले. म्हणून छत होईपर्यंत देवापुढे दिवा लावायचा नाही असे ठरवले. देव समजून घेईल. सोल्यूशन घेणार नाही.

दुपारी बुटांच्या खोक्याच्या झाकणावर प्रयोग केला. सोल्यूशन फासून पंपाने तंतू उडवले. भाजीत मीठ घालतात तसे, बेताने. वाळल्यावर पाहिले तर मखमल नव्हे, आजारी माणसाची वाढलेली दाढी. कुठे आहे, कुठे नाही.

सासूबाई म्हणाल्या, "तू हात आखडलास."

"सासूबाई, पिशवी एकच आहे."

"मग एकाच पिशवीचं वाटोळं करशील."

ता. ८, शुक्रवार

पत्रक पुन्हा वाचले. तंतू लागतील त्याच्या दुप्पट-तिप्पट टाकावेत, जे रुतणार नाहीत ते झटकून परत गोळा होतात, असे त्यात चक्क लिहिले होते. ती ओळ मी उधळपट्टी समजून सोडून दिली होती! खाली जुनी चादर अंथरली आणि दुसऱ्या झाकणावर डोळे मिटून भरपूर उडवले. एक दिवस तरी मी सढळ हाताची झाले. उरलेले चादरीवरून गोळा करून तोलले तर पिशवी जवळजवळ होती तेवढीच. आणि झाकण? गालावरून फिरवत राहावे असे. ह्यांनीही जाता जाता त्यावर बोट फिरवले, मला पाठमोरी समजून.

एक अडचण उरली. सोल्यूशन ओले आहे तोवरच तंतू बसतात, आणि शेडमध्ये घड्याळ नाही. हातमोज्यांत मनगट दिसत नाही. पण माझे सकाळचे स्तोत्र आहे. सुरुवातीपासून फलश्रुतीपर्यंत एकदा म्हटले की सोल्यूशन बरोबर जरा चिकट, जरा ओले राहते. आज तीनदा ताडून पाहिले. तेव्हा एका पाठात होईल तेवढाच भाग फासायचा आणि पाठ संपायच्या आत तंतू उडवून मोकळे व्हायचे. देवाचे नाव आणि काम, दोन्ही एका मजुरीत.

ता. ११, सोमवार

लेकीचे पत्र आले. नव्या घरात सामान लागले. लिहिते, "गाडी विकताय ते बरंच, कटकट गेली. बसने या." बसने म्हणजे तीन ठिकाणी बदल. सासूबाईंना आमच्या घराच्या तीन पायऱ्या जड जातात. त्यांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, "मी काय, फोटोत बघीन घर." तसे घराचे फोटो खूप छान येतात.

गेल्या महिन्याचा जमाखर्च वाचायचा राहिला होता, तो रात्री जेवताना वाचला. माझी पद्धत आहे, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, म्हणजे घरात कोणाला काही लपवल्यासारखे वाटत नाही. पेट्रोलच्या आकड्याशी आले तर ह्यांनी मान खाली घातली. घास अडकला असावा. पाणी दिले.

ता. १२, मंगळवार

आज मुख्य काम. शेडची दारे लोटली, वारा नको म्हणून. नाकातोंडाला फडके बांधले. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या, पंप भरून द्यायला. पुढचा भाग पहिल्या पाठात, मधला दुसऱ्यात. असे सुरेख बसत गेले की मला माझाच हेवा वाटला.

तिसऱ्या पाठाला मागचा भाग फासला आणि बाहेर डॉक्टरांचा आवाज आला. अंगणात गाडी उघडी उभी होती, हे त्यांना फिरवून दाखवत होते. मध्ये फळ्यांची भिंत, सगळे ऐकू येते.

डॉक्टर म्हणाले, "भाऊ, मी मन पक्कं केलंय. छत बसलं की घेऊनच जातो."

हे म्हणाले, "घ्या की. फक्त थंडीत सकाळी सुरू होत नाही, हे आधीच सांगतो."

खोटे! एकदाच झाले होते, आणि तेही बॅटरी सैल होती म्हणून.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "मी सकाळी कुठं जात नाही."

"डाव्या दारातून पाणी येतं."

"चालेल. मी उजवीकडून बसेन."

ह्यांचा प्रामाणिकपणा एक दिवस आम्हाला भिकेला लावील. मी लक्ष काढून घेतले आणि पाठावर मन लावले. पाठ संपवून पंप उचलला, उडवले, आणि थोड्या वेळाने झटकून पाहते तर मागच्या डाव्या बाजूला हातभर पट्टा उघडा बोडका! सोल्यूशन वाळून गेले होते. आज हवा कोरडी होती.

सासूबाई म्हणाल्या, "हवेला नको दोष देऊस. पहिले दोन पाठ सटासट झाले. तिसऱ्याला ओळीओळीला थांबत होतीस, डोळे मिटून. काय मागत होतीस एवढं?"

"काही नाही. सगळ्यांचं भलं होवो."

"सगळ्यांत तो दातवाला येतो का?"

मी चादर झटकायला घेतली. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये.

ता. १३, बुधवार

उघडा पट्टा खरवडला. एकटीने ब्रश आणि पंप दोन्ही जमेना, म्हणून ह्यांना हाक मारली. येणार नाहीत असे वाटले होते. आले, बाह्या सरसावूनच.

"मी फासते, तुम्ही मागून उडवत या. हात आखडायचा नाही."

"हे तू मला सांगतेस?"

"आणि पाठ संपायच्या आत संपवायचं."

"मग मोठ्याने म्हण. मला कळायला नको?"

मी म्हणायला लागले. मध्ये फासताना कडेला ब्रश अडकला, माझी ओळ सुटली, तर हे पुढची ओळ म्हणू लागले! ज्यांनी लग्नापासून एकदाही पूजेला बसायचे नाव घेतले नाही, ते पंप हलवत शेवटच्या ओळीपर्यंत माझ्याबरोबर आले. मी विचारले, "हे तुम्हाला कुठून येतं?"

"रोज सकाळी दाढी करताना ऐकतो. भिंत पातळ आहे आपली."

पट्टा असा मिसळला की कुठला ते आता मलाही सांगता येणार नाही. बाहेर आलो तेव्हा ह्यांच्या भुवया, मिशा, माझे केस, सगळे राखाडी. सासूबाई आम्हाला बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांचे केस मुळातच त्या रंगाचे, त्यामुळे त्यांना धुवावे लागले नाहीत.

ता. १६, शनिवार

डॉक्टर वाटेत भेटले. "वहिनी, वाळलं का? कधी नेऊ?"

मी म्हटले, "आठवडाभर तरी लागेल."

मागून हे म्हणाले, "आठवडा? पंधरा दिवस धर."

पत्रकात दोन दिवस लिहिले आहे. पण पत्रक लिहिणाऱ्याने आमचा पुठ्ठा पाहिलेला नाही. घाईने कोणाचे नुकसान होऊ नये, एवढाच माझा हेतू. डॉक्टर म्हणाले, तर मग मधला मार्ग काढू, पुढच्या रविवारी पैसे घेऊन येतो.

ता. २०, बुधवार

छत बसवले. वाटीतला एकही स्क्रू उरला नाही आणि कमीही पडला नाही, देवाची कृपा. आत बसून वर पाहिले की ढग जवळ आल्यासारखे वाटते. आवाजसुद्धा मऊ झाला आहे; दार लावले तर "धाड" ऐवजी "धप्".

आता धक्क्यांनी तंतू गळतात का हे पाहणे भाग होते. मालात खोट ठेवून पैसे घेणे मला पटत नाही. म्हणून तिघे निघालो. नेमके आमच्या बाजूचे रस्ते गुळगुळीत, त्यामुळे खराब रस्ता शोधत गावाबाहेर जावे लागले. सासूबाई काठी मांडीवर आडवी ठेवून बसल्या होत्या. तंबू धरायचा नव्हता, तर हातांचे काय करावे ते त्यांना सुचेना. मग त्यांनी काच खाली करून हात बाहेर वाऱ्यात धरला.

"आई, हात आत घ्या," हे म्हणाले.

"तू रस्त्याकडे बघ. आणि जरा पुढं ने रे. इथं धक्के कमी आहेत."

तळ्यापर्यंत गेलो. तिथे थांबून छताची तपासणी केली. तपासणी चालली तोवर किटलीतला चहा संपला. एकही तंतू गळला नव्हता. येताना हे शीळ घालत होते. मी आठवून पाहिले, यापूर्वी शीळ केव्हा ऐकली होती, ते काही आठवले नाही. चालवायचा कंटाळा आलेला माणूस शीळ घालतो हे मला नवीन आहे.

पेट्रोल लागले ते पेट्रोलात लिहिले नाही. "दुरुस्ती" या सदरात लिहिले.

ता. २४, रविवार

डॉक्टर आले. पैशाचे पाकीट शर्टाच्या खिशात, अर्धे बाहेर. आत बसले, वर पाहिले, तळवा छतावरून सबंध फिरवला आणि "वा!" म्हणाले. "वहिनी, काय काम केलंय! दवाखान्यात छताला असं असतं तर पेशंट तोंड मिटायला विसरले असते."

मला फार बरे वाटले आणि लगेच फार वाईट वाटले. दोन्ही एकदम झाल्याने मी पदराने गाडीची काच पुसायला लागले.

हे म्हणाले, "दुसरा गिअर अडकतो."

"चालेल."

"तेल पिते."

"भाऊ, माझी मेहुणी त्याहून जास्त चहा पिते. चालेल."

ह्यांच्याजवळचे दोष संपले. माझ्याकडे पाहिले. ह्यांचा चेहरा असा झाला होता की मला राहवेना. म्हटले, "डॉक्टर, छताचा खर्च आणि माझी मजुरी किमतीत धरलेली नाही. ती वर पडेल." आणि एक आकडा सांगितला. तोंडातून निघाल्यावर माझी मलाच लाज वाटली, एवढा होता. शहाणा माणूस तिथेच उठून गेला असता.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "बरं. दिले."

आता माझ्याजवळचेही काही उरले नाही. मी मनात देवाला म्हटले, बघ बाबा. ह्यांनी खिशातून किल्ली काढली. डॉक्टरांनी हात पुढे केला. किल्ली काही ह्यांच्या बोटांतून सुटेना.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "ती द्यायची तर मलाही घेऊन जा डॉक्टर. मी उतरणार नाही." सासूबाई! त्या केव्हा जाऊन बसल्या होत्या देव जाणे. तिन्ही पायऱ्या एकट्या उतरून. "माझे दात तुम्हीच काढलेत, आता कवळीही धुवा."

"आई, काय हे!"

"तू गप्प बस. विकायची कोणाला आहे या घरात? कोणाला आहे ते हात वर करा."

अंगणात कोणाचाच हात वर गेला नाही. डॉक्टरांनी सवयीने अर्धा उचलला होता, तो खाली घेतला.

मी ह्यांना म्हटले, "तुम्हीच म्हणालात ना, विकू?"

"तू दर महिन्याला पेट्रोलचा आकडा केवढ्या मोठ्यांदा वाचतेस! वाटलं, तुला डोईजड झालीय. तोंडाने म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हटलं."

"अहो, मी सगळेच आकडे मोठ्यांदा वाचते. दुधाचाही वाचते. मग दूध बंद केलंत का?"

"तू तरी कुठं नको म्हणालीस?"

"मला वाटलं, तुम्हाला चालवायचा कंटाळा आला."

"मला?" हे एवढेच म्हणाले. मग किल्ली परत खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला.

मी डॉक्टरांची क्षमा मागितली. माणूस मोठ्या मनाचा. पाकीट आत ढकलत हसायला लागले. "वहिनी, माझा जन्म दात काढण्यात गेला. हलतोय, दुखतोय, काढून टाका म्हणत येतात, आणि चिमटा दाखवला की तोंड घट्ट मिटतात. भाऊ पहिल्या दिवसापासून तोंड मिटून उभे होते. मी म्हटलं, बघू किती वेळ तग धरतात."

जाताना फाटकाशी थांबून म्हणाले, त्यांच्या जुन्या गाडीचेही छत लोंबते आहे. मी करून देईन का? माल त्यांचा, मजुरी माझी. मी विचार करून सांगते म्हटले, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण ते रंग कोणता ते सांगूनच गेले. गडद निळा.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, इतक्या दिवसांनी. काही मागितले नाही. मागायला जागा ठेवली नव्हती.

ता. २५, सोमवार

सकाळी लेकीला पत्र घातले. नक्कल इथे ठेवते:

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

गाडी विकलेली नाही. का, ते भेटीत सांगीन. कागदावर लिहिले तर आम्ही वेडी दिसू. आम्ही तिघेही तुझे नवे घर बघायला गाडीने येत आहोत. आजीने आजच बॅग भरली आणि तिच्यावर बसून आहे. दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचे काम हाती घेतले आहे, तेवढे उरकले की निघू. वाटेत बाबा जिथे म्हणतील तिथे थांबू, त्यामुळे उशीर झाला तर काळजी करू नकोस. कुठेतरी तळे दिसले असेल असे समज.

आमच्यासाठी काही घाट घालू नकोस, गाद्या जमिनीवर चालतील. एकच विचारायचे आहे. तुझ्या दारात गाडी उभी करायला सावली आहे का? आम्ही कसेही राहू, पण छताचे सोल्यूशन अजून नवे आहे, त्याला ऊन सोसायचे नाही. सावली घराच्या कोणत्या बाजूला पडते आणि दुपारनंतर सरकते का, ते एक दिवस नीट उभी राहून पाहा आणि उलट टपाली कळव.